निष्कर्ष एक, कसोट्या तीन: रोजगार हमीचा नवा कायदा आणि संशोधनाचे वाचन

जयपूरच्या सिव्हिल लाइन्स या भागात राजस्थानच्या राज्यपालांचे आणि मुख्यमंत्र्यांचे अशी दोन्ही निवासस्थाने आहेत. राज्य शासनाच्या धोरणांवर शेवटचा हात याच परिसरात फिरतो आणि राज्यातील शासकीय विद्यापीठांचे कुलपतिपदही येथूनच सांभाळले जाते. फुलंब्रीचे माजी आमदार आणि महाराष्ट्र विधानसभेचे माजी अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी ३१ जुलै २०२४ रोजी राजस्थानच्या राज्यपालपदाची शपथ घेतली. त्यापूर्वी वसंतदादा पाटील आणि प्रतिभाताई पाटील यांनीही हे पद भूषविले असल्याने मराठी वाचकांना हा परिसर अपरिचित नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये या परिसरावर एक नवी जबाबदारी आली. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा आणणारे विधेयक संसदेने संमत केले आणि २१ डिसेंबर रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. 'विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी अभियान (ग्रामीण)' या नावाच्या या कायद्यात प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाकाठी मिळणाऱ्या कामाची मर्यादा १०० दिवसांवरून १२५ दिवसांवर नेण्यात आली आहे. त्याचबरोबर बहुतांश राज्यांसाठी खर्चाची विभागणी केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के अशी ठरविण्यात आली. पेरणी आणि कापणीच्या ऐन हंगामात एकूण ६० दिवस ही कामे बंद ठेवावयाची असून, ते दिवस कोणते हे राज्य शासनाने आगाऊ जाहीर करावयाचे आहे.

या तरतुदींच्या बाजूने आणि विरोधात 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' हे वाक्य वारंवार ऐकावयास मिळते. मात्र संशोधनाने सिद्ध होणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर प्रत्येक विद्याशाखेत वेगळे असते. संख्या-सिद्धांत, श्रम अर्थशास्त्र आणि स्पिन भौतिकी या परस्परांपासून दूर असलेल्या तीन शाखांचे धागे जयपूरशी जुळलेले आहेत. त्या तिन्हींतील निष्कर्ष शेजारी ठेवून पाहिल्यास कोणत्या निष्कर्षावर किती भार टाकता येतो, हे स्पष्ट होते.

नऊ संख्या आणि अनंताची खात्री

संख्या-सिद्धांताचा राजस्थानशी असलेला संबंध सुमारे चौदाशे वर्षांचा आहे. भिल्लमाल, म्हणजे आजच्या जालोर जिल्ह्यातील भीनमाळ, येथे ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' हा ग्रंथ रचला. वर्गांच्या विशिष्ट बेरजांचा परस्परांशी गुणाकार केला असता पुन्हा त्याच स्वरूपाची बेरीज मिळते, हा 'भावना' नावाने ओळखला जाणारा नियम त्यात आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धती पूर्णत्वाला नेली तेव्हा हाच नियम त्यांच्या हाताशी होता. चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ सालचा शिलालेख भास्कराचार्यांच्या घराण्याची आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनाची साक्ष देतो.

आधुनिक काळात हा धागा पुन्हा जयपुरात येतो. २०१४ मध्ये गणितातील सर्वोच्च मानले जाणारे फील्ड्स पदक मिळविणारे मंजुल भार्गव यांचे आजोबा पुरुषोत्तमलाल भार्गव हे राजस्थान विद्यापीठात संस्कृत विभागाचे प्रमुख होते. कॅनडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या मंजुल यांना आजोबांमुळे संस्कृत ग्रंथांची ओळख झाली. गाउस या जर्मन गणितज्ञाने १८०१ मध्ये मांडलेल्या वर्गरूपांच्या संयोगाच्या नियमाला त्यांनी प्रिन्स्टन येथील प्रबंधात नवे आणि व्यापक रूप दिले. या कामामागील प्रेरणांमध्ये ब्रह्मगुप्ताचा नियमही असल्याचे त्यांनी सांगितले आहे.

या शाखेतील निष्कर्षाचे स्वरूप एका उदाहरणातून लक्षात येते. प्रत्येक धन पूर्णांक चार वर्गसंख्यांच्या बेरजेने मिळतो, हे लाग्रांज यांनी १७७० मध्ये सिद्ध केले. त्या चार वर्गांना वेगवेगळ्या संख्यांनी गुणले तर कोणत्या सूत्रांतून सर्व पूर्णांक मिळतील, याची ५५ सूत्रांची यादी श्रीनिवास रामानुजन यांनी दिली. पुढे त्यातील एक सूत्र चुकीचे असल्याचे आढळले. पहिल्या वर्गाला १, दुसऱ्याला २ आणि उरलेल्या दोघांना ५ ने गुणून बेरीज केली असता फक्त एकच संख्या हाती लागत नाही, ती म्हणजे १५. या एका अपवादामुळे ते सूत्र यादीतून वगळले गेले आणि यादी ५४ वर आली.

१९९३ मध्ये कॉनवे आणि श्नीबर्गर यांनी या प्रकारच्या सूत्रांसाठी '१५ चा सिद्धांत' मांडला आणि भार्गव यांनी त्याची सोपी सिद्धता दिली. या सिद्धांतानुसार अशा सूत्राने १, २, ३, ५, ६, ७, १०, १४ आणि १५ या नऊ संख्या दिल्या की ते सर्व धन पूर्णांक देते. नऊ संख्या तपासल्या की अनंत संख्यांची खात्री पटते. सिद्धतेची ताकद ती हीच. येथे 'बहुधा' या शब्दाला जागा नसते आणि एक अपवादही संपूर्ण विधान मोडून टाकतो.

कोट्यवधी टकरी आणि सिग्माचे माप

भौतिकशास्त्राची कसोटी निराळी आहे. निसर्गाचे नियम तर्काने सुचविता येतात. परंतु ते खरे की खोटे हे मोजमापच ठरविते, आणि मोजमापात योगायोगाचा अंश राहतोच.

सूक्ष्म कणांच्या ठिकाणी जणू स्वतःभोवती फिरत असल्यासारखा एक अंगभूत गुण असतो, त्यास 'स्पिन' असे म्हणतात. चुंबकत्वाचे मूळ प्रामुख्याने याच गुणात आहे. या विषयाशी जयपूरचा पहिला संबंध एका मराठी गणितज्ञामुळे आला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले रँग्लर गणेश सखाराम महाजनी यांनी लोहचुंबकी स्फटिकांचे चुंबकत्व वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळे का आढळते, या प्रश्नावरील आपला निबंध १९२९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. या कोड्याचे अधिक समाधानकारक उत्तर पुढे इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षीय गती यांच्या परस्परसंबंधातून मिळाले. ८ जानेवारी १९४७ रोजी जयपूर येथे राजपुताना विद्यापीठाची स्थापना झाली तेव्हा त्याच्या प्रारंभीच्या वर्षांत कुलगुरुपदाची धुरा महाजनी यांनीच सांभाळली. १९५६ पासून हे विद्यापीठ राजस्थान विद्यापीठ या नावाने ओळखले जाते.

याच विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग पुढे दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयोगांत सहभागी झाला. त्यातील एक अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतील 'स्टार' आणि दुसरा जिनिव्हाजवळील सर्न येथील 'अ‍ॅलिस'. टकरीतून बाहेर पडणारे फोटॉन मोजणारे उपकरण या प्रयोगांसाठी भारतीय संस्थांनी उभारले, त्यात कोलकाता, भुवनेश्वर, चंदिगड आणि जम्मू येथील संस्थांबरोबर जयपूरचाही वाटा होता.

ब्रुकहेवनचा कण-त्वरक २००० पासून कार्यरत झाला. प्रोटॉनचे स्पिन एका दिशेला वळवून त्यांची टक्कर घडविण्याची सोय असलेला तो जगातील एकमेव त्वरक ठरला. ही सोय आवश्यक होती, कारण १९८८ मध्ये सर्नच्या एका प्रयोगाने भौतिकशास्त्रज्ञांना कोड्यात टाकले होते. प्रोटॉनचा स्पिन त्यातील क्वार्क या घटकांच्या स्पिनमधून येत असावा, अशी समजूत होती. प्रत्यक्षात क्वार्कचा वाटा अपेक्षेपेक्षा फारच कमी भरला. आज तो सुमारे ३० टक्के मानला जातो. क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनचाही त्यात वाटा असल्याचे ब्रुकहेवन येथील मोजमापांतून दिसून आले. उर्वरित हिशेब अद्याप पूर्ण झालेला नाही. तो पुढे नेण्यासाठी त्याच जागी इलेक्ट्रॉन आणि आयन यांची टक्कर घडविणारे नवे यंत्र उभारले जात आहे.

या शाखेत निष्कर्ष किती सावधपणे मांडला जातो, हे अ‍ॅलिसच्या २०२० मधील शोधनिबंधावरून दिसते. जड अणुकेंद्रांच्या टकरीत निर्माण होणाऱ्या दोन प्रकारच्या कणांचे स्पिन विशिष्ट दिशेला कललेले असतात काय, हे त्यात तपासण्यात आले. एका कणासाठी परिणामाची पातळी ३ सिग्मा आणि दुसऱ्यासाठी २ सिग्मा इतकी नोंदविण्यात आली. निव्वळ योगायोगाने असे मोजमाप मिळण्याची शक्यता ३ सिग्माला सुमारे साडेसातशेत एक आणि २ सिग्माला चव्वेचाळिसात एक असते. 'शोध' हा शब्द वापरण्यासाठी मात्र ५ सिग्मा, म्हणजे सुमारे ३५ लाखांत एक, ही पातळी अपेक्षित असते. म्हणूनच शास्त्रज्ञांनी 'शोध' न म्हणता 'पुरावा' हा शब्द योजला. २०२३ मध्ये स्टार प्रयोगाने कमी ऊर्जेच्या टकरींमध्ये याच दोन कणांची तपासणी केली. तेव्हा एका कणाचा कल ठळकपणे आढळला आणि दुसऱ्याचा जवळजवळ दिसला नाही. चित्र बदलले, पण कोणाची नाचक्की झाली नाही, कारण अनिश्चितता आधीच आकड्यात सांगितलेली होती.

मजुरीचे मोजमाप

श्रम अर्थशास्त्राकडे सिद्धता नसते आणि कोट्यवधी वेळा हुकमी घडविता येणारी टक्करही नसते. येथे प्रयोगशाळा म्हणजे गाव, आणि मोजावयाची वस्तू म्हणजे माणसाचा दिवस. एकाच गावात एकाच वर्षी योजना असतानाचे आणि नसतानाचे असे दोन्ही चित्र पाहता येत नाही. त्यामुळे तुलना कोणाशी केली, यावर निष्कर्ष अवलंबून राहतो.

रोजगार हमीच्या बाबतीत या अभ्यासांची सुरुवात महाराष्ट्रातून झाली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कानझरा या गावांच्या नोंदींवरून गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन यांनी १९९४ मध्ये दाखविले, की हमीच्या कामावर जाण्यासाठी मजुरांना अन्य मिळकतीवर सोडावे लागणारे पाणी मिळालेल्या मजुरीच्या सुमारे एक चतुर्थांश इतकेच होते. याचा अर्थ असा, की हमीचे काम मुख्यतः रिकाम्या दिवसांत सामावत होते. १९८८ मध्ये मजुरीचा दर मोठ्या प्रमाणात वाढल्यानंतर मात्र कामाची उपलब्धता आखडली आणि हमीला शिधावाटपाचे रूप आले, असेही रॅव्हेलियन, दत्त आणि शुभम चौधरी यांच्या १९९३ च्या अभ्यासात नोंदविलेले आहे.

राजस्थानची परंपरा वेगळ्या मार्गाने घडली. दुष्काळी कामांवर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्यास मुभा देणारा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये संजित रॉय खटल्यात या कामांपुरता घटनाबाह्य ठरविला. १९९० मध्ये देवडुंगरी येथे स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने हजेरीपत्रके जाहीरपणे वाचून दाखविण्याची चळवळ उभी केली आणि त्यातून माहितीच्या अधिकाराला बळ मिळाले. मजुरीचा आकडा खरा की खोटा, हे तपासण्याचा हक्क ज्याची मजुरी आहे त्यालाही असावा, हा त्यामागील विचार होता.

राष्ट्रीय कायदा २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत आणि १ एप्रिल २००८ पर्यंत सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोचला. टप्प्याटप्प्याने झालेल्या या विस्तारामुळे अर्थशास्त्रज्ञांना तुलनेची संधी मिळाली. क्लेमां आँबेर आणि जॉन पॅप यांच्या २०१५ च्या निबंधानुसार कोरड्या हंगामात सुरुवातीच्या जिल्ह्यांतील रोजंदारीचे दर ४.७ टक्क्यांनी वाढले. लॉरा झिमरमन यांनी त्याच विस्ताराचा वेगळ्या पद्धतीने अभ्यास केला असता त्यांना मजुरीवर ठळक परिणाम आढळला नाही. मात्र पाऊस दगा देतो तेव्हा ही योजना आधार ठरते, असे त्यांनी नोंदविले. योजना तीच आणि देशही तोच असूनही उत्तरे दोन आली.

कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर यांचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या वादात महत्त्वाचा मानला जातो. तत्कालीन आंध्र प्रदेशात मजुरी देण्याची सुधारित पद्धत सोडत पद्धतीने निवडलेल्या मंडलांत आधी आणि उर्वरित मंडलांत नंतर लागू करण्यात आली. जेथे ती आधी आली तेथे लाभार्थी कुटुंबांची कमाई १४ टक्क्यांनी वाढली आणि त्या वाढीचा ८६ टक्के भाग योजनेबाहेरील उत्पन्नातून आला. दुसरा पर्याय हाताशी असल्यामुळे मजुराला शेतमालकाशी दराची बोलणी करणे शक्य झाले, असा त्याचा अर्थ लावला जातो. खासगी रोजगार घटण्याऐवजी वाढल्याचेही या अभ्यासात आढळले.

निर्णयाची बाजू

या निष्कर्षांवरून नव्या कायद्याविषयी काय म्हणता येईल? हंगामात हमीची कामे सुरू राहिल्यास शेतीला मजूर मिळत नाहीत, हा ६० दिवसांच्या विरामामागील युक्तिवाद आहे. विरामामुळे मजुराची बोलणी करण्याची ताकद नेमकी ऐन हंगामात कमी होईल, हा विरोधी युक्तिवाद आहे. आंध्रमधील अभ्यास दुसऱ्या युक्तिवादाकडे झुकतो. परंतु तो मजुरी देण्याच्या पद्धतीतील सुधारणेचा अभ्यास होता, हंगामी विरामाचा नव्हे. आँबेर आणि पॅप यांना आढळलेली दरवाढ कोरड्या हंगामातील होती. पावसाळ्यात हमीची कामे तशीही कमीच निघत असत. त्यामुळे या विरामाचा परिणाम कोणत्याही उपलब्ध निष्कर्षावरून सिद्ध झालेला नाही, असेच प्रामाणिकपणे म्हणावे लागते. भौतिकशास्त्राच्या भाषेत हा 'शोध' नाहीच. फार तर दिशा दाखविणारा पुरावा आहे.

महाराष्ट्राचा १९८८ चा अनुभव मात्र अधिक थेट लागू पडतो. नव्या कायद्यात राज्यांना केंद्राकडून ठराविक मर्यादेत निधी मिळणार असून त्यापुढील खर्च राज्याने करावयाचा आहे. निधी मर्यादित आणि हक्काचे दिवस अधिक अशी स्थिती आली की हमी कागदावर राहून प्रत्यक्षात कामाची वाटणी सुरू होते, हा धडा महाराष्ट्राने पूर्वीच घेतला आहे. १०० दिवसांपुढे आणखी २५ दिवसांचा भार स्वतःच्या तिजोरीतून उचलण्याची तरतूद राजस्थानने २०२३ मध्ये स्वतंत्र कायद्याने केली होती. या राज्याला ४० टक्के वाट्याचा हिशेब गांभीर्याने करावा लागेल.

विरामाचे दिवस राज्याने ठरवावयाचे असल्याने येथे अभ्यासालाही वाव आहे. राजस्थानच्या दक्षिणेतील डुंगरपूरचा पेरणी-कापणीचा काळ आणि पश्चिमेतील जैसलमेरचा काळ एक नाही. राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेशच्या सीमेवरील गावांत झालेल्या आँबेर आणि पॅप यांच्या पाहणीत हमीची कामे जेथे अधिक मिळाली तेथे शहरांकडे होणारे तात्पुरते स्थलांतर कमी आढळले. विरामाच्या तारखा विभागवार वेगवेगळ्या ठेवल्या, मजुरीचे दर आणि स्थलांतर यांच्या नोंदी पहिल्या वर्षापासून ठेवल्या आणि त्या अभ्यासकांना खुल्या केल्या, तर दोन-तीन वर्षांत या वादाचे विश्वासार्ह उत्तर मिळू शकेल. नोंदीच नसतील तर दोन्ही बाजू आपापल्या सोयीचे आकडे सांगत राहतील.

हा अभ्यास करणार कोण, हा प्रश्न सिव्हिल लाइन्समधील दुसऱ्या निवासस्थानाशी जोडलेला आहे. नीती आयोगाच्या फेब्रुवारी २०२५ मधील अहवालानुसार देशातील उच्च शिक्षणाच्या एकूण विद्यार्थ्यांपैकी सुमारे ८१ टक्के राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांत शिकतात, आणि या विद्यापीठांतील अध्यापकांची ४० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त आहेत. संशोधन आणि विकासावरील देशाचा खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने राज्य विद्यापीठांना अग्रगण्य संस्थांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला आहे. परंतु विभागात अध्यापकच नसतील तर जोडणी कोणाशी करावयाची, हा प्रश्न उरतो. राजस्थानच्या विधानसभेने २०२५ मध्ये विद्यापीठ प्रमुखांचे 'कुलपति' हे पदनाम बदलून 'कुलगुरु' केले. महाराष्ट्रात हा शब्द पूर्वीपासून रूढ आहे. नाव बदलले, आता रिकाम्या खुर्च्या भरण्याची अपेक्षा आहे.

जयपूरच्या एका विद्यापीठातील संस्कृत विभागप्रमुखाकडून नातवाला संख्यांचे संस्कार मिळाले, तेथील भौतिकशास्त्र विभागाने सर्नच्या प्रयोगासाठी उपकरण घडविण्यात वाटा उचलला आणि त्याच राज्यातील मजुरांनी हजेरीपत्रक वाचण्याचा हक्क मिळविला. या तिन्ही गोष्टींना अनेक वर्षांची चिकाटी लागली. त्यांनी घालून दिलेला दंडक साधा आहे: सिद्ध झालेले सिद्ध म्हणून सांगावे, संभाव्य ते किती संभाव्य हे आकड्यासह सांगावे आणि अजून न तपासलेले असेल ते तपासून घ्यावे. डुंगरपूरच्या मजुराचे ६० दिवस या तिसऱ्या वर्गात मोडतात. ते दिवस ठरविण्यापूर्वी ते मोजण्याची व्यवस्था होणे, हीच आजची गरज आहे.